उजेडाची उचकी

बारा सेकंदांची क्लिप, तीनशे फोटो जोडून केलेली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, सप्टेंबरातल्या एका सकाळी लावलेल्या कॅमेऱ्याची. खालच्या कोकणातून ढग वर चढतात, कड्याच्या आत वळलेल्या वाटीत गरगरतात, उतू येणाऱ्या दुधासारखे काठापर्यंत येतात आणि काठ न ओलांडताच पुन्हा खाली बसतात. फोनवर ती कितीतरी जणांनी पाहिली, कुणाला काही खटकलं नाही. मग एका छोट्या सभागृहात, दिवे मालवून, भिंतभर पडद्यावर ती लावली. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "व्होल्टेज कमी-जास्त होतंय का रे?" प्रोजेक्टर सांभाळणारा मुलगा उठला, भिंतीतली पिन दाबून पाहून आला. क्लिप पुन्हा लावली. पुन्हा तेच. वीज स्थिर होती. उचकी लागली होती ती त्या तीनशे फोटोंना.

टाइमलॅप्स करणारे, म्हणजे ठरावीक अंतरानं काढलेले फोटो जोडून जलद पळणारी क्लिप बनवणारे, याला फ्लिकर म्हणतात. "क्लिप फ्लिकर मारतेय" असंच बोलतात. उजेडाच्या चंचलपणाला मराठीत शब्दांची वाण नाही. काजवा लुकलुकतो, दिवा मिणमिणतो, वातीवर काजळी धरली की समईची ज्योत फडफडते, वीज लखलखते. पण यातला एकही शब्द इथे पुरता बसत नाही, कारण या सगळ्यांत खुद्द उजेडच हलत असतो. त्या सकाळी कड्यावरचा उजेड शांत होता. दर तीन सेकंदांनी तो मोजणाऱ्या यंत्राचा हात मात्र प्रत्येक वेळी थोडा वेगळा पडत होता. आजींनी विचारलेला प्रश्न म्हणूनच मनात राहतो. त्यांनी दोष यंत्रातच शोधला. फक्त यंत्र चुकीचं धरलं, प्रोजेक्टरच्या जागी कॅमेरा हवा होता.

हा दोष एकट्या फोटोत सापडत नाही. दोन फोटोंच्या उजेडात दोन टक्क्यांचा फरक असेल आणि ते एकामागून एक निवांत पाहिले, तर ते सारखेच वाटतात. तेच फोटो सेकंदाला पंचवीस या वेगाने पळवले की चित्र धडधडू लागतं. एक फ्रेम, म्हणजे क्लिपमधला एक फोटो, उजळ आणि पुढची मंद अशी आळीपाळी असेल, तर ती धडधड सेकंदाला साडेबारा वेळा होते. आणि माणसाच्या नजरेला सगळ्यात जास्त बोचणारी लुकलुक सेकंदाला साधारण दहाच्या आसपासचीच असते. त्याहून खूप जलद असली तर डोळा ती एकजीव करून टाकतो, फार संथ असली तर तिला सरावतो. जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. फिल्म सेकंदाला चोवीसच चित्रांनी पुढे सरकायची, पण प्रोजेक्टरच्या फिरत्या शटरला दोन किंवा तीन पाती असायची, म्हणजे एकच चित्र दोनदा-तीनदा पडद्यावर पडायचं आणि उजेडाचे ठोके अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर व्हायचे. चित्रं तेवढीच, पण लुकलुक डोळ्याच्या आवाक्याबाहेर गेलेली.

पुढच्या रांगेतल्या आजींनाच ते आधी का जाणवलं, त्यालाही कारण आहे. नजरेचा मधला भाग बारकावे टिपतो, कडेचा भाग हालचाल आणि लुकलुक टिपतो. फोनचा पडदा नजरेच्या मध्यावरच मावतो. भिंतभर पडदा कडेपर्यंत भरून उरतो. त्यामुळे क्लिप तपासताना खोलीत अंधार करावा, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा आणि पडद्याकडे थेट न पाहता त्याच्या शेजारच्या भिंतीवर नजर ठेवावी. समोरून पाहताना निसटलेला फ्लिकर डोळ्याच्या कोपऱ्याला लगेच टोचतो. ही तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि तरी फार थोडे जण ती करतात.

आता तो हात नेमका कुठे चुकतो ते पाहू. आरशावाल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सची पाती एरवी पूर्ण उघडी असतात, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, डोळा लावायच्या खिडकीतून, लख्ख दिसावं. एफ १६, म्हणजे पात्यांमधलं अगदी बारीक भोक, ठरवून ठेवलं तरी पाती लगेच मिटत नाहीत. बटण दाबलं की क्षणार्धात मिटतात, फोटो निघतो, की पुन्हा उघडतात. तीनशे फोटो म्हणजे तीनशे वेळा मिटणं. पाच-सात-नऊ पातळ पाती एकमेकींवर सरकत मधे भोक ठेवतात, आणि ते भोक प्रत्येक वेळी तंतोतंत तेवढंच राहावं अशी अपेक्षा असते. एकेका फोटोसाठी ती यंत्रणा पुरेशी नेमकी आहे. तीनशे फोटो एका माळेत ओवायचे म्हटलं की नाही.

हिशेब करून पाहिला तर गोष्ट डोळ्यांसमोर येते. २४ मिलिमीटरची लेन्स एफ १६ वर म्हणजे चोवीस भागिले सोळा, दीड मिलिमीटरचं भोक. समजा पाती ०.०३ मिलिमीटरनं चुकली, केसाच्या जाडीच्या साधारण निम्म्यानं. व्यासात दोन टक्के फरक पडला. पण उजेड येतो तो क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून उजेडात चार टक्के. तीच लेन्स एफ ४ वर असेल तर भोक सहा मिलिमीटरचं; तीच ०.०३ची चूक आता व्यासात अर्धा टक्का आणि उजेडात एकच टक्का. आणि लेन्स पूर्ण उघडी असेल, तिच्यावर लिहिलेल्या सगळ्यात लहान आकड्यावर, तर पाती वाटेतून बाजूलाच असतात. चुकायला काही उरत नाही. निसर्गचित्र म्हणजे एफ १६, जवळचं-दूरचं सगळं स्पष्ट, हे फोटोग्राफीच्या पहिल्या धड्यात शिकवलं जातं. टाइमलॅप्समध्ये ते घात करतं. कोकणकड्याच्या क्लिपमध्येही बहुधा तेच झालं असावं, कारण कड्याच्या काठावरचं गवत आणि खालची गावं दोन्ही टाचणीच्या टोकासारखी स्पष्ट आहेत.

पूर्ण उघडी लेन्स वापरायची तर थोडी किंमत द्यावी लागते: कोपरे जरा मऊ पडतात, काठाकडे अंधारतात. पण अंतिम क्लिपचा आकार फोटोपेक्षा खूप लहान असतो, त्यामुळे तो मऊपणा बराचसा विरून जातो, आणि कोपऱ्यांचा अंधार तीनशे फ्रेममध्ये सारखाच असतो, एका फटक्यात काढता येतो. ज्यांना एफ ८ हवंच आहे त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. कॅननच्या ईएफ लेन्सवर चालते ती. हवं ते ॲपर्चर, म्हणजे पात्यांचं भोक, लावायचं, डेप्थ-ऑफ-फील्ड (कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते) तपासायचं बटण दाबून धरायचं म्हणजे पाती मिटतात. ते धरूनच लेन्स सोडवायचं बटण दाबायचं आणि लेन्स काढताना फिरवतो तशी थोडीशी फिरवायची. लेन्स आणि कॅमेरा यांच्यातले धातूचे ठिपके एकमेकांपासून सुटतात, कॅमेऱ्याला लेन्स दिसेनाशी होते, पडद्यावर एफच्या जागी ०० येतं, आणि पाती जिथे मिटली तिथेच राहतात. मग तीनशे फोटो काढा नाहीतर तीन हजार, भोक हलत नाही. फोकस त्याआधीच करून ठेवायचा. आणि लेन्स त्या अवस्थेत अर्धवटच अडकलेली असते, तेव्हा तिला कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्यायलाच हवा. कड्याच्या टोकाशी तर नक्कीच.

निकॉनच्या बऱ्याच लेन्समध्ये पाती यांत्रिक खिट्टीने चालतात, तिथे ही युक्ती तशीच लागू पडत नाही. अशा वेळी ॲपर्चरची रिंग असलेली एखादी जुनी मॅन्युअल लेन्स ॲडॅप्टर लावून दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर चढवणं सरळ पडतं; रिंग हातानं फिरवली की पाती तिथेच. मिररलेस कॅमेऱ्यांचं ज्याचं त्याचं वेगळं आहे. काही पाती सतत मिटलेली ठेवतात, काही प्रत्येक फोटोला उघड-मीट करतात. शोधायला माहितीपुस्तक लागत नाही. एफ ११ लावायचं, पाच सेकंदांनी एक असे फोटो सुरू करायचे आणि लेन्समध्ये समोरून डोकावायचं. पाती हललेली दिसतात किंवा दिसत नाहीत.

पात्यांचं निस्तरलं की शटर उरतं, उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते ठरवणारा पडदा.

शटरचा हिशेबही तसाच आहे, फक्त मिलिमीटरच्या जागी वेळ. एक हजारांश सेकंद म्हणजे एक मिलिसेकंद. यांत्रिक पडद्यानं त्यात वीस मायक्रोसेकंदांची चूक केली तर उजेड दोन टक्क्यांनी बदलला. तीच चूक पन्नासांश सेकंदात एक दशांश टक्का होते, दिसतही नाही. म्हणून शटर जितकं सावकाश तितकं बरं. यात आणखी एक त्रास आहे. जलद शटरमध्ये पडद्यांच्या फटीचा वेग वरपासून खालपर्यंत थोडा कमी-जास्त झाला तर फ्रेमचा वरचा भाग उजळ आणि खालचा मंद, पुढच्या फ्रेममध्ये उलट, असा तिरका फ्लिकर येतो. हा सगळ्यात चिवट. फ्रेमचा सरसकट उजेड वर-खाली करणाऱ्या कुठल्याच उपायानं तो जात नाही.

भर उन्हात सावकाश शटर आणि उघडी लेन्स हे दोन्ही एकत्र नांदत नाहीत. फोटो पांढराफटक होतो. म्हणून एनडी फिल्टर, लेन्सवर लावायची काळी काच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० वर ठेवली तर स्वच्छ उन्हात एफ ५.६ ला साधारण एक आठशेअंश सेकंद लागतो. हजारपट उजेड अडवणारी, म्हणजे दहा स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) काच लावली की तेच सव्वा सेकंद होतं. तीन सेकंदांना एक फोटो असेल तर त्यातला साधारण निम्मा वेळ शटर उघडं राहिलं तर हालचाल मऊ वाहते, ढग टणाटण उड्या मारत नाहीत. त्या हिशेबात सव्वा सेकंद अगदी चपखल. आभाळ भरलेलं असेल तर सहा स्टॉपची, चौसष्टपट अडवणारी काच पुरते. फिरवून कमी-जास्त होणारी काच मात्र रुंद लेन्सवर आभाळात काळपट फुली उमटवते. त्यापेक्षा दोन ठरावीक काचा बाळगाव्यात. काच लावल्यावर व्ह्यूफाइंडरच्या मागच्या खिडकीवर पट्टी किंवा झाकण हवंच, कारण लांब उघड्या शटरमध्ये मागून शिरलेलं ऊन सेन्सरपर्यंत पोहोचू शकतं. मागे उभा असलेला माणूस हलला की चित्र उजळतं आणि कारण शोधून सापडत नाही.

आणि कॅमेऱ्याचा शहाणपणा बंद. माझ्या मते सगळ्यात जास्त क्लिप इथेच वाया जातात, कारण हा शहाणपणा अनेक नावांनी अनेक मेनूंत दडलेला असतो. मोड एम, सगळं हातानं ठरवायचा. आयएसओ ठरावीक, ऑटो आयएसओ एम मोडमध्येही चालू राहतो, तो वेगळा बंद करावा लागतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ठरावीक केल्विनवर, दिवसा साडेपाच हजार, नाहीतर ढग आला की चित्र पिवळं आणि गेला की निळं. सावल्या आपोआप उजळणारी सोय, तिला प्रत्येक कंपनीनं वेगळं नाव दिलंय, ती बंद. लांब एक्स्पोजरमधला, म्हणजे शटर बराच वेळ उघडं राहिल्यावरचा, नॉइज (दाणेदारपणा) घालवणारी सोय बंद, कारण ती फोटोइतकाच वेळ पुन्हा शटर मिटून घालवते आणि पुढचा फोटो हुकतो. लेन्समधलं कंप थोपवणारं यंत्र ट्रायपॉडवर बंद. फोकस हाताने, आणि रिंगवर चिकटपट्टी. फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं न सजवलेल्या मूळ नोंदीत. फोनवर काढायचं तर फोनच्या लेन्सला बहुतेक वेळा हलती पातीच नसतात, तो एक धोका टळला. पण एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, स्वतःच्या मनानं हलतं, म्हणून पडद्यावर बोट दाबून धरून एई-एएफ लॉक करायचा, एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही जागीच थांबतात.

हे न केल्यास काय होतं ते फोटोंच्या यादीत उघड दिसतं. ऑटो एक्स्पोजर उजेड अखंड बदलत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतं, आणि एक पायरी म्हणजे बहुधा तृतीयांश स्टॉप, उजेडात चक्क सव्वीस टक्के. उजेड दोन पायऱ्यांच्या बरोबर मधे असला की कॅमेऱ्याला निवाडा करता येत नाही. साठांश, पन्नासांश, साठांश, साठांश, पन्नासांश. वर आभाळ तेच, ढग तेच, आणि चित्राचा लंबक सुरू.

सह्याद्रीच्या कड्यावर याखेरीज दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली ओल. ढग कड्यावरून अंगावर येतो तेव्हा काचेवर आधी धुरकट साय धरते, मग दव, मग थेंब. चित्र एकदम हलत नाही, हळूहळू दुधाळ होत जातं. हा फ्लिकर नव्हे. फ्लिकरसारखा धक्का बसतो तो मधेच काच पुसल्यावर: एकशे चाळिसावी फ्रेम दुधाळ, एकशे एक्केचाळिसावी कोरी करकरीत. पुसायचंच असेल तर दोन फोटोंच्या मधे, दर वीस-पंचवीस फोटोंना, साय धरायच्या आत. किंवा सरळ क्लिप तिथे तोडून दुसरी सुरू करायची. लेन्सभोवती प्लॅस्टिकचं आवरण आणि वर छत्री, छत्री ट्रायपॉडला न टेकवता. दुसरी अडचण वारा. पोटाशी पिशवी लटकवून ट्रायपॉड जड करायचा सल्ला सगळे देतात, पण खालून उसळणाऱ्या वाऱ्यात ती पिशवीच झोके घेते आणि कॅमेऱ्याला हलवते. पिशवी जमिनीला टेकलेली हवी, किंवा पायांना दगडांची ओटी.

शहरात खाली उतरलं की उजेड खरोखरच लुकलुकत असतो, आपल्याला दिसत नाही इतकंच. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांवर एक सव्वाशेअंश सेकंदाचं शटर लावलं तर ते आठ मिलिसेकंद उघडं राहतं आणि दिव्याचा एक हेलकावा असतो दहा मिलिसेकंदांचा. कुठल्या फ्रेमला हेलकाव्याचं शिखर मिळतं, कुठल्या फ्रेमला दरी. शंभरांश, पन्नासांश किंवा पंचविसांश लावलं की पूर्ण हेलकावेच मोजले जातात आणि हिशेब जुळतो. सगळ्यात निर्धास्त म्हणजे एक सेकंद किंवा जास्त: शंभर हेलकाव्यांत एखादा अर्धामुर्धा राहिला तरी फरक टक्क्याच्या आत. अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची. तिकडे राहणाऱ्या मंडळींनी हे आकडे साठांश, तिसांश असे बदलून घ्यायचे. कॅमेरा इथून नेलेला असला तरी दिवे तिथलेच असतात.

तिथेच संध्याकाळ धरायची, ऊन असल्यापासून दिवे लागून अंधार पडेपर्यंत, तर एकच एक्स्पोजर पुरत नाही. टाइमलॅप्सवाल्यांची खरी परीक्षा ती. पूर्ण हाताने बदलायचं, पण ऑटोच्या हवाली नाही. उजेड उतरू लागला की शटर तृतीयांश स्टॉपनं वाढवायचं, थोड्या वेळानं पुन्हा, शटर पुरेनासं झालं की आयएसओ. प्रत्येक बदलाला चित्रात एक पायरी पडते, आणि ती पडू द्यायची. ती पायरी नेमकी केवढी ते फोटोसोबत लिहिलेलं असतं, म्हणून मागाहून दोन पायऱ्यांमधल्या फ्रेम उलट्या उतारानं सारख्या करून जिन्याची घसरगुंडी करता येते. एक बारकावा: कॅमेऱ्यावर लिहिलेले आकडे गोळाबेरीज असतात. तीस सेकंद म्हणजे खरे बत्तीस, पंधरा म्हणजे सोळा, तिसांश म्हणजे बत्तिसांश. लिहिलेल्या आकड्यांवर हिशेब केला की सांधा किंचित डोकावतो, आणि लोक लेन्सला दोष देत बसतात. ऑटोनं सावरलेल्या लंबकाला मात्र उपाय जवळपास नाही, त्यात पायरी कुठली आणि ढग कुठला हेच कळत नाही.

आता संगणक. सगळ्या डीफ्लिकर, म्हणजे फ्लिकर काढणाऱ्या, प्रोग्रॅमांचा गाभा एकच आहे: प्रत्येक फ्रेमचा सरासरी उजेड काढायचा, त्याचा आलेख मांडायचा, शेजारच्या फ्रेमांची सरासरी घेत त्यावरून एक गुळगुळीत रेघ ओढायची, आणि प्रत्येक फ्रेम त्या रेघेवर येईपर्यंत उजळ किंवा मंद करायची. एफएफएमपेग हे मोफत साधन मुळात शेजारच्या पाच फ्रेमांची सरासरी धरतं. आकडा वाढवला तर रेघ अधिक गुळगुळीत. दाविंची रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीत टाइमलॅप्ससाठी वेगळी सोय आहे. एलआरटाइमलॅप्स हा प्रोग्रॅम फोटो सुधारायच्या लाइटरूमबरोबर चालतो आणि रॉ फोटोंनाच हात घालतो, म्हणून माझी पसंती त्याला. आठ बिटांच्या, म्हणजे उजेडाच्या मोजक्याच पायऱ्या ठेवणाऱ्या, जेपीईजीवर उजेड खेचला की आभाळात पट्टे पडतात. चौदा बिटांच्या रॉ मध्ये खेचायला जागा असते. त्यात आधी रंग-रूपाचं सगळं काम काही मोजक्या फ्रेमांवर उरकायचं, ते बाकीच्या फ्रेमांत पसरवायचं, त्यानंतरच उजेडाचा आलेख काढून डीफ्लिकर करायचं. आधी डीफ्लिकर आणि मग रंग असं केलं तर काम दुसऱ्यांदा करावं लागतं. कारण धुकं घालवणारी डीहेझ, क्लॅरिटी, सावल्या आणि उजळ भागांच्या सरकत्या पट्ट्या या सगळ्या प्रत्येक चित्रातला मजकूर पाहून स्वतःचा जोर ठरवतात. ढग जरा सरकला की जोर बदलतो आणि नसलेला फ्लिकर तयार होतो. कोकणकड्याच्या क्लिपवर डीहेझ बेताचीच वापरावी. धुकं घालवायला तिथे कुणी गेलेलं नसतं.

आणि हे साधन किती आंधळं आहे ते एकदा जवळून पाहायला हवं. फ्रेममध्ये डावीकडून एक मोठा पांढरा ढग शिरला. सरासरी उजेड वाढला. प्रोग्रॅमला वाटलं, फ्रेम उजळली. त्यानं सगळंच मंद केलं. ढग उजवीकडून बाहेर पडला, पुन्हा सगळं उजळ. आता ढग गुळगुळीत जातो खरा, पण त्याच्यासोबत कडा श्वास घ्यायला लागतो. काळा बसाल्ट फुगतो आणि आकसतो. उपाय म्हणजे पूर्ण फ्रेम न मोजता एक तुकडा निवडून तेवढाच मोजणं, जिथे काही हलत नाही: कड्याचा उघडा पाषाण, किंवा जवळची खडकाची कड. आभाळ कधीच निवडू नये. आभाळाचं आणखी एक दुखणं असतं. ते मुळातच करपून पांढरं झालं असेल, तर तिथे मोजायला काही शिल्लक नसतं. तीनशे फ्रेममध्ये ते सारखंच पांढरं असतं. बाकी चित्राचा फ्लिकर काढताना प्रोग्रॅम त्या पांढऱ्यालाही खाली ओढतो, आणि कडा स्थिर होतो तेव्हाच आभाळ राखाडी होऊन धडधडायला लागतं. म्हणून जागेवर फोटो किंचित मंद घ्यायचे, आभाळातला सगळ्यात उजळ ढगही करपणार नाही इतके.

मुळात लुकलुकणंच ज्याचं जगणं आहे, त्याचं काय करायचं हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वात जवळचा वाटतो. मेच्या शेवटी, पाऊस उंबरठ्यावर असताना, भंडारदऱ्याच्या आसपासची झाडं काजव्यांनी भरून जातात. एक फांदी पेटते, दुसरी विझते, मग अख्खं झाड एका तालात. त्या क्लिपवर डीफ्लिकर चालवला तर प्रोग्रॅम इमानानं काजवे पेटले की रान काळं करेल आणि विझले की उजळेल. वळवाच्या पावसातली वीजही तशीच: एका फ्रेममध्ये दरी दिवसासारखी उजळते, आणि तीच फ्रेम आलेखात सुळक्यासारखी वर येते म्हणून छाटली जाते. शेजारच्या फ्रेमांच्या सरासरीतही तो सुळका मिसळतो, त्यामुळे विजेच्या आगेमागे दोन-तीन फ्रेम विनाकारण उजळतात. अशा फ्रेम हाताने निवडून हिशेबातून वगळाव्या लागतात. ढगाची सावली पठारावरून सरकत जाते, तीही आलेखात खड्डा पाडते. तो खड्डा बुजवला की पठार सपाट दिसतं, वेळ थांबल्यासारखी. सेकंदाला दहा वेळा होणारी धडधड कॅमेऱ्याची. दोन-तीन सेकंद पसरलेला चढ-उतार आभाळाचा. गुळगुळीतपणाची सरकती पट्टी या दोहोंच्या मधे कुठेतरी ठेवायची असते, आणि ती जागा आकड्यात सांगता येत नाही. प्रत्येक क्लिपला पट्टी शून्यापासून हळूहळू वाढवत न्यायची आणि धडधड थांबली की हात काढून घ्यायचा. एक घरही पुढे नाही.

१९१२ मध्ये मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरून कॅमेरा समोर मांडला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करत अंकुराची वाढ टिपली. चित्रपटासाठी भांडवल उभं करायला ती दाखवली. त्या काळातल्या कॅमेऱ्यांना दांडा हाताने फिरवायचा. हात जरा रेंगाळला की शटर जास्त वेळ उघडं, हात घाईत असला की कमी. एकेक चित्र मोजून घेताना फ्लिकर मनगटातच असायचा. पाती, मायक्रोसेकंद, तृतीयांश स्टॉप हे शब्द नंतरचे. कुंडीसमोर दिवसांमागून दिवस तोच दांडा तितक्याच चालीने फिरवायचा, बाहेर ऊन असो वा ढगाळ, हे किती अवघड गेलं असेल याची कल्पना आज इंटरव्हलोमीटरवर, ठरावीक अंतरानं आपोआप फोटो काढणाऱ्या साधनावर, तीन सेकंद लावून चहाला जाणाऱ्यांना करता येणार नाही.

कोकणकड्याची ती क्लिप अजून वाचवता येण्यासारखी आहे. फोटो रॉ आहेत, आभाळ करपलेलं नाही, फ्लिकर सरसकट आहे, तिरका नाही. खाली उजवीकडच्या कोपऱ्यात खडकाचा एक ओला पट्टा आहे, बारा सेकंद तो जागचा हलत नाही. मोजायला तोच धरायचा. आठव्या सेकंदाला दक्षिणेकडून एक सावली कड्यावर येते आणि तो पट्टा दोनेक सेकंद झाकते. तिथे आलेख खाली वाकतो. तिथल्या पन्नास फ्रेमांपुरती गुळगुळीत रेघही आलेखाबरोबर वाकू द्यायची, दोन्ही टोकांना दहा-दहा फ्रेमांचा उतार द्यायचा, आणि सावलीला येऊ द्यायचं, कड्यावरून जाऊ द्यायचं.